फोन नाही आला तर

पाणी ओसरल्याची बातमी सकाळी धरणावर आली, तेव्हा मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने चहा ओतला आणि पहिला कप धरणाचे दरवाजे उचलणाऱ्या गेटवाल्यापुढे ठेवला. साहेबांनी असं कधी केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सगळे रात्रभराचे जागे, डोळे लाल, अंगावरचे कपडे अंगावरच वाळलेले. पण सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. शहर वाचलं होतं. बाजार, दवाखाना, शाळा, दोन्ही पूल, सगळं कोरडं. नदीकाठच्या सखल गल्ल्यांत तेवढं पाणी शिरलं होतं, आणि दरवाजे उघडल्यावर ते शिरणारच होतं.

"तू आता घरी जा," साहेब गेटवाल्याला म्हणाले. "झोप काढ. आणि बायकोला सांग, तुझ्या नवऱ्यानं शहर वाचवलं म्हणून."

"घरी कुठली साहेब, ती बहिणीकडे आहे. टेकडीवर. तिनं पूर बघितला पण नसेल."

"मग फोनवर सांग की. अशी संधी परत येत नाही."

सगळे हसले. तोही हसला. कप हातात घेऊनच तो दाराशी गेला. नियंत्रण कक्षाच्या दाराशी एक लाकडी खोका होता. कामावर आलं की ज्याने त्याने आपला फोन त्यात टाकायचा, असा नियम. त्याने आपला फोन काढला आणि बायकोला लावला. बंद. रात्रीही एकदा लावला होता, तेव्हाही बंद. त्यात नवल नव्हतं. तिचा फोन चार्जिंगला लावायची आठवण तिला कायम दुसऱ्या कुणीतरी करून द्यावी लागायची. मग त्याने मेव्हणीला लावला.

"काय गं, उठली का तुझी बहीण?"

मेव्हणी गोंधळली.

"ताई? ताई तुमच्याकडे नाही का?"

"माझ्याकडे कुठून? मी धरणावर आहे. काल दुपारी निघाली ना ती तुझ्याकडे?"

"अहो भाऊजी, रस्त्यावर झाड पडलं होतं. बसच बंद झाल्या. मीच तिला म्हटलं, नको येऊस, कुठे पावसात ताटकळत बसशील, घरीच थांब. बरं म्हणाली, यांचा फोन खोक्यात असतो, मग कळवते. भाऊजी? ऐकताय ना?"

त्याने कप खाली ठेवला. अगदी जपून ठेवला, थेंबही सांडला नाही. फक्त ठेवला तो फोनच्या खोक्यात. त्याच्या जोडीदाराने, म्हणजे पाळीला सोबत असणाऱ्या दुसऱ्या गेटवाल्याने, तो कप तिथे पाहिला आणि काही न विचारता गाडीची किल्ली घेतली.

ती सापडली तेव्हा ऊन पडलं होतं. गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत होती.

*

हे धरण पाणी साठवायचं नव्हतंच. पूर आला की अडवायचा आणि मग नदीच्या पोटात मावेल तसा हळूहळू खाली सोडायचा, एवढंच त्याचं काम. त्यामुळे वर्षभर ते रिकामं ठेवावं लागायचं. लोकांना हे पटायचं नाही. एवढी मोठी भिंत, आणि मागे काय, तर गवत आणि मधून वाहणारा ओहोळ. कुणी म्हणायचं पाणी भरा, होड्या सोडा. कुणी म्हणायचं, निदान मासे तरी सोडा.

"काय हो, आज किती गवत साठलं धरणात?" गल्लीतला न्हावी गेटवाल्याला खुर्चीत बसवता बसवता विचारायचा.

याला उत्तर त्याच्यापेक्षा त्याची बायकोच चांगलं द्यायची. "ते रिकामं आहे म्हणून तुम्ही कोरडे आहात," ती खिडकीतून म्हणायची. "बादली आधीच भरून ठेवली तर गळणारं पाणी कशात धराल?" मग न्हावी कात्री वर करून शरण यायचा.

पण एक गोष्ट तो गल्लीत फारशी बोलायचा नाही. बादलीही कधीतरी भरते. पाऊस थांबलाच नाही आणि पाणी वरच्या खुणेला टेकलं, तर दरवाजे उघडावेच लागतात, नदीच्या पोटात मावो न मावो. धरण मातीचं. पाणी एकदा माथ्यावरून वाहायला लागलं की भिंतच कापत जातं, आणि भिंत गेली की सगळं शहर जातं. म्हणून थोड्या गल्ल्या बुडवायच्या आणि बाकी वाचवायचं. त्या थोड्या गल्ल्यांत त्याचीही गल्ली होती. पण त्याआधी भोंगा वाजायचा, आणि माणसांना वरच्या मजल्यांवर किंवा चढावरच्या शाळेत जायला पुरेसा वेळ मिळायचा. सगळा हिशेब या भोंग्यावर होता.

भोंग्याची पंचाईत अशी, की तो फार वाजायचा. दरवाजा वीतभर उचलायचा तरी आधी भोंगा. शिवाय दर महिन्याला चाचणी. आवाज सगळ्याचा एकच. ते दोघं या गल्लीत राहायला आले तेव्हा पहिल्याच भोंग्याला त्याची बायको डोक्याला साबण लागलेला असताना जिन्यावर पळाली होती. वर गच्चीवर अख्खी गल्ली कपडे वाळत घालत होती. बेकरीवाली पुढे कित्येक वर्षं तिला त्यावरून छेडायची. "वहिनी, आज अंघोळ पुरी झाली ना? नाही, भोंगा वाजेल हो."

तेव्हापासून भोंगा वाजवण्याआधी तो तिला फोन करू लागला. "आज चाचणी आहे, घाबरू नकोस." साहेबांच्या लक्षात आलं. ते ओरडले. "फोन खोक्यात म्हणजे खोक्यात. दर वेळी बायकोची परवानगी घेऊन भोंगा वाजवणार का तू?"

त्या संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते.

"असं करू," तो म्हणाला. "खरं असेल तर फोन करीन. तेवढ्यासाठी साहेबांच्या शिव्या खाईन. आणि फोन नाही आला तर समज काही नाही. आपलं काम चालू ठेवायचं."

"नक्की?"

"नक्की."

ती म्हणाली, बरं झालं बाई, आणि एक मटार तोंडात टाकला.

गल्लीला हे कळायला वेळ लागला नाही. भोंगा वाजला की बेकरीवाली खिडकीतून हाक मारायची, "वहिनी, आला का हो फोन?"

"नाही!"

"मग मी पाव लावते भट्टीत!"

एका वर्षी त्याने खरंच फोन केला. आज खरं आहे, वर जा. ती दारोदार सांगत सुटली आणि गल्ली सामानसुमान घेऊन वर गेली. गुडघाभर पाणी आलं. शिंप्याचा कापडाचा एक गठ्ठा भिजला, बाकी कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. त्या दिवसापासून भोंग्यापेक्षा गेटवाल्याच्या फोनला वजन आलं. पलीकडच्या गल्लीतले लोकसुद्धा भोंगा वाजला की आधी त्यांच्या दाराशी यायचे. न्हावी त्याला रांगेत थांबू देईना. कुठेही गेला की सरका, सरका, गेटवाले आलेत. आणि हे त्याला आवडायचं. कामावर त्याला कुणी विचारत नव्हतं. सांगतील तेव्हा दरवाजा वर, सांगतील तेव्हा खाली. गल्लीत मात्र त्याच्या शब्दावर माणसं उठत-बसत होती.

भोंग्याची किंमत आपण संपवतोय, असं त्याच्या मनातही आलं नाही. तेव्हा नाही आलं.

*

त्या दिवशी निघताना ती दारातच म्हणाली होती, "मी दुपारी बहिणीकडे जाते, दोन दिवस राहीन. तुमचं काय, तुम्ही तर धरणावरच झोपणार."

"जा. छत्री ने."

"छत्री तुम्ही हरवलीत."

एवढंच बोलणं झालं.

दुपारभर पाणी चढत राहिलं. भिंतीला लागून असलेल्या पट्टीवरचे आकडे एकेक करून बुडत होते आणि जोडीदार ते मोठ्याने वाचत होता. दिवस कलायच्या सुमारास साहेबांनी कक्षातला फोन ठेवला आणि म्हणाले, "उघडायचे. भोंगा दे."

गेटवाल्याने भोंग्याचं बटण दाबलं. आणि सवयीने खुर्चीतून अर्धा उठला. हात दाराकडच्या खोक्याच्या दिशेने गेलासुद्धा. साहेबांनी ते बघितलं आणि मान फिरवली. आज ते ओरडणार नव्हते, हे त्याला दिसलं. मग त्याच्या मनात आलं, अरे, ती तर घरी नाही. टेकडीवर आहे. आणि तो परत खाली बसला.

एवढंच झालं होतं. नंतर त्याने हे हजार वेळा मनात फिरवून पाहिलं. घाई नव्हती. कुणी अडवलं नव्हतं. दरवाजे उचलायला अजून वेळ होता. ती घरी नाही, मग फोन कुणाला करायचा, असं त्याला वाटलं होतं. बेकरीवालीचा नंबर त्याच्याकडे होता. शिंप्याचा होता. न्हाव्याचा होता. यातलं एक नावही डोक्यात आलं नव्हतं. ज्या गल्लीला त्याने आपल्या फोनची सवय लावली, ती गल्ली त्याच्या लेखी त्या क्षणी रिकामी होती, कारण बायको तिथे नव्हती. आणि ती तिथेच होती.

*

काय झालं ते गल्लीने त्याला सांगितलं. कुणी एकाने नाही, सगळ्यांनी तुकड्या-तुकड्याने.

भोंगा वाजला तेव्हा बऱ्याचशा बायका शिंप्याच्या दुकानात होत्या. शिंपी माल पोचवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला होता आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला सोबत म्हणून वहिनी तिथे येऊन बसल्या होत्या. त्यांनी फोन समोर टेबलावर ठेवला. बेकरीवालीने विचारलं, आला का? नाही. मग गप्पा चालू राहिल्या. पाऊस जास्त आहे हो, असं कुणीतरी म्हणालं. वहिनी म्हणाल्या, खरं असतं तर त्यांनी फोन केला असता. विसरायचे नाहीत ते.

मग गटारातून पाणी उलटं वर यायला लागलं.

वहिनींनी ते सगळ्यांत आधी बघितलं. फोनबिन राहू दे, वर चला, असं ओरडत त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दारं बडवली. दोन बिऱ्हाडं तर त्यांनी अक्षरशः ढकलत जिन्यावर घातली. शेवटी म्हातारीसाठी परत आल्या. मागची खोली दुकानापेक्षा खाली, तिथे पाणी कमरेला लागलेलं. त्यांनी म्हातारीला शिडीवरून माळ्यावर चढवलं. तेवढ्यात नदीकडचं मागचं दार आत पडलं.

म्हातारी सकाळपर्यंत माळ्यावर कापडाच्या गठ्ठ्यांत बसून होती. तिला कमी ऐकू यायचं, पण नजर तीक्ष्ण होती. गेटवाला भेटायला गेला तेव्हा तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"मला खालून ढकलत होती रे," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी. आणि फोन दातात धरला होता. मी म्हटलं, अगं टाक तो मेला. नाही टाकला."

भोवती गल्लीतले सगळे जमले होते.

"टॉवर पडला असणार," बेकरीवाली डोळे पुसत म्हणाली. "त्याशिवाय तुमचा फोन येत नाही असं व्हायचंच नाही. टॉवर पडला होता ना हो भाऊ?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. कुणाच्या नजरेत राग नव्हता, संशय नव्हता. हो म्हटलं की सगळं आपल्या जागी बसणार होतं.

"हं," तो म्हणाला.

चौकशीही झाली. ती आटोपशीर झाली. भोंगा वेळेवर वाजला, दरवाजे ठरल्याप्रमाणे उघडले, धरणाला तडा नाही. चौकशीला आलेल्या बाईंनी एकच प्रश्न वेगळा विचारला.

"तुमच्या मिसेसनी भोंगा ऐकला नव्हता का?"

"ऐकला असणार."

"मग त्या वर का गेल्या नाहीत?"

त्याने तोंड उघडलं, तोवर शेजारून साहेब म्हणाले, "त्या दुसऱ्यांना वाचवत होत्या, मॅडम." बाईंनी मान खाली घातली आणि पुढचं विचारलंच नाही. साहेबांनी टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. खुर्चीतून अर्धा उठलेला तो त्यांनीही पाहिला होता. त्यांना काय समजलं होतं आणि काय नाही, हे त्याने कधी विचारलं नाही.

मेव्हणी रोज फोन करायची. रोज तेच. "मी तिला थांबवलं भाऊजी. झाड होतं, पण चालत आली असती ना ती. मीच नको म्हटलं." तो म्हणायचा, असं मनाला लावून घेऊ नकोस. यापुढे एक वाक्य होतं, ते ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच बसून राहायचं.

*

तो सुट्टीवर होता तोवर गल्ली हळूहळू सावरली. चिखल निघाला, भट्टी पेटली, शिंप्याचं मशीन उघडून, पुसून, तेल घालून पुन्हा चालू झालं. आणि एके दिवशी शिंप्याने त्याला दुकानात बोलावलं.

कापायच्या टेबलाच्या वर भिंतीत, मोजायची पट्टी अडकवायच्या खिळ्याशेजारी, नवा खिळा ठोकला होता. त्याला दोरीने एक फोन टांगला होता. चार्जरची वायर कायमची लावलेली.

"सगळ्यांनी मिळून घेतला," शिंपी म्हणाला. "यात दोन कार्डं आहेत. दोन वेगळ्या कंपन्यांची. एकीचा टॉवर पडला तरी दुसरीचा उभा राहील. आता फोन लागला नाही असं होणारच नाही."

"वहिनींची जागा कोण घेणार," बेकरीवाली म्हणाली. "पण फोन घ्यायला कुणीतरी पाहिजे ना. मी दिवसभर समोरच असते. पहिल्या रिंगला उचलेन बघा."

शिंप्याने त्याच्या हातातून त्याचा फोन घेतला, दोन्ही नंबर घातले आणि नाव लिहिलं, गल्ली.

"आणि बघा, आवाज केवढा आहे," म्हणून त्याने लावूनही दाखवला. खिळ्यावरचा फोन थरथरत, टेबलावर आपटत वाजला. सगळ्यांचे चेहरे उजळले. गेटवाल्याला एकदम तहान लागली. पाणी द्या म्हणाला, आणि दिलेला पेला हातात तसाच धरून उभा राहिला.

त्याच्या एका हुंकाराचं हे झालं होतं. टॉवरला दोष दिला, म्हणून त्यांनी टॉवरचा बंदोबस्त केला. भोंग्याचा विचारच कुणी केला नाही.

त्याच आठवड्यात चाचणी होती. तारीख त्याला ठाऊक होती. तो मुद्दाम त्या वेळी पाव घ्यायला बाहेर पडला.

भोंगा वाजला. लांबून, चढत चढत, गल्ली भरून टाकेपर्यंत. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकला. बेकरीवालीने मान वळवून समोरच्या दुकानातल्या खिळ्याकडे बघितलं. शिंप्याने मशीनवरचा पाय थांबवला. खिळ्यावरचा फोन गप्प होता. मग सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं आणि न्हावी मोठ्याने हसला.

"अरे, खुद्द भोंगाच पाव घ्यायला आलाय! काय भाऊ, पळायचं का?"

"हो," तो म्हणाला. "वर जा."

"चाचणी आहे ना पण?"

"चाचणीच आहे. तरी वर जा. भोंगा वाजला की वर जायचं. मी फोन करणार नाहीये. यापुढे माझा फोन येणार नाही."

आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा लागला.  मग बेकरीवालीने न्हाव्याकडे बघून डोळे मिचकावले आणि समजूतदारपणे म्हणाली, "बरोबर आहे. असंच म्हणायला पाहिजे त्यांनी. नोकरी आहे त्यांची." आणि त्याच्या पिशवीत एक पाव जास्त घातला.

उठलं फक्त एक माणूस. शिंप्याची आई काठी टेकत माळ्याच्या शिडीकडे निघाली होती.

"अगं आई, चाचणी आहे," शिंपी म्हणाला. मग कानाशी जाऊन ओरडला, "चाचणी! फोन आला नाही!"

"मला फोनचं ऐकू येत नाही," म्हातारी पहिल्या पायरीवर पाय ठेवत म्हणाली. "भोंग्याचं येतं. धर मला."

लोक पुन्हा हसले. गेटवाल्याने पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हातारीला धरून वर चढवलं. ज्या शिडीवरून तिला त्याच्या बायकोने चढवलं होतं, ती हीच शिडी. लाकडावर पाण्याची खूण अजून होती. त्याच्या छातीपर्यंत यायची ती.

दुकान रिकामं झाल्यावर तो शिंप्यासमोर बसला.

"टॉवर पडला नव्हता," तो म्हणाला.

शिंपी सुईत दोरा ओवत होता. त्याने दोरा ओढून गाठ मारली, मग वर पाहिलं.

"फोन माझ्या हाताशी होता. अर्धा उठलो होतो. मला वाटलं ती टेकडीवर आहे. म्हणून बसलो. तुम्ही सगळे इथे होतात, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शिंप्याने सुई कॉलरला टोचून ठेवली.

"मला हे का सांगताय?"

"तो फोन काढा म्हणून. त्या फोनच्या नादानं तुम्ही बसून राहाल. ती बसून राहिली तशी."

शिंप्याने मान वळवली. शिडीकडे बघत होता. "वहिनी गेल्या त्या माझ्या आईपायी," तो म्हणाला. "मी तुमच्यावर कोणत्या तोंडानं रागावू? जाऊ द्या. माझ्याकडून हे बाहेर जाणार नाही. लोकांना सांगून काय मिळणार, उगाच मनं दुखतील. टॉवर तर टॉवर."

"आणि फोन?"

"फोन राहू दे." शिंपी पुढे झुकला. समजावणीच्या सुरात बोलू लागला. "अहो, आता तर मला जास्तच खात्री वाटते. दुसरा कुणी विसरेल. तुम्ही? एवढं झाल्यावर? तुम्ही आता जन्मात विसरणार नाही."

"मी करणार नाही म्हटलं ना."

"कराल," शिंपी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. विश्वास होता, आणि तेच वाईट होतं.

कारण तो करेल, हे गेटवाल्यालाही माहीत होतं. आता तो खुर्चीतून पुरता उठेल, साहेबांना बाजूला सारेल, खोका उलटा करेल. पण एखाद्या दिवशी त्याची पाळी नसेल. ताप आला असेल. दरवाजा अडकला असेल आणि तो दरवाज्यांवरच्या पुलावर साखळीशी झटत असेल. जोडीदार नियमाप्रमाणे भोंगा देईल, आणि खाली गल्ली खिळ्यावरच्या फोनकडे बघत बसेल. म्हणेल, खरं असतं तर त्यांनी फोन केला असता.

तो कामावर परत रुजू झाला. पुढची चाचणी त्यानेच दिली. बटण दाबलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला. जोडीदाराने विचारलं, थंडी वाजतेय का? संध्याकाळी गल्लीत शिरला तर न्हाव्याने दुकानातूनच आरोळी दिली, "भाऊ, झकास! भोंगा वाजला, तुमचा फोन नाही, आम्ही निवांत!"

तेव्हा तो न्हाव्याच्या दारात थांबला. आत दोन गिऱ्हाइकं होती, समोर बेकरीवाली खिडकीत होती, शिंपी मशीनवर होता. सगळ्यांना एकदम ऐकू गेलं असतं. टॉवरचं खोटं होतं म्हणायचं, खुर्चीतून अर्धं उठून परत बसल्याचं सांगायचं, फोन खिळ्यावरून उतरवायचा. एकट्याने ऐकलं म्हणून शिंप्याला त्याच्यावर विश्वास ठेवणं सोपं गेलं होतं. सगळ्यांसमोर बोललं असतं तर कुणीतरी चिडलं असतं, कुणीतरी तोंडावर बोललं असतं, की म्हणजे तुमच्यामुळे. आणि मग त्यांनी त्याच्या फोनवर भरवसा टाकला नसता. हे एवढं स्वच्छ त्याला दिसत होतं.

"या की आत," न्हावी म्हणाला. "उभे का?"

"नाही, जातो," तो म्हणाला आणि घरी गेला.

पावसाळी ढग पुन्हा जमायला लागले आहेत. धरण रिकामं आहे, दरवाज्यांना तेल-वंगण झालं आहे, भोंगा व्यवस्थित वाजतो. मेव्हणीला अजून सांगायचं आहे. गल्लीला अजून सांगायचं आहे. फोन अजून खिळ्यावर आहे, चार्जिंगला लावलेला.